जुन्या जीपला वावरात जुंपताना

जीप वावरात उतरवायची म्हटलं की पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: नांगर ओढते का? ओढते. काळ्या जमिनीत मी स्वतः ओढवून पाहिला आहे. पहिल्या दिवशी पाऊण एकर झालं, दुसऱ्या दिवशी क्लचचा जळका वास यायला लागला आणि तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागला. चूक जीपची नव्हती. तिच्याकडून कोणतं काम घ्यायचं हे मला कळलं नव्हतं. त्यानंतर नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या आमच्या संत्र्याच्या बागेत तीच जीप, सीजे-३बी मॉडेलची, गेली काही वर्षं वखर ओढते, पंजी (फणांचं अवजार) मारते, फवारणीची टाकी वाहते, शेणखताची ट्रॉली पांदणीतून आणते. जीपला ट्रॅक्टर समजू नका. न दमणाऱ्या चार बैलजोड्या समजा आणि बैलजोडीचीच कामं तिला द्या. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका हिशोबावर उभं आहे.

ही कल्पना नवीन नाही. महायुद्ध संपताच १९४५ मध्ये विलिस कंपनीने सीजे-२ए ही नागरी जीप बाजारात आणली ती मुख्यतः शेतकऱ्यांसाठी. मागे ओढणीचा दांडा आणि हवा असेल तर पीटीओ (इंजिनाच्या ताकदीवर अवजार फिरवणारा शाफ्ट), अशी तिची जाहिरात असे. ब्रिटनमध्ये रोव्हर कंपनीचे इंजिनिअर मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर विलिस जीपच वापरायचे आणि त्यातूनच १९४८ ची लँड रोव्हर जन्मली. जर्मनीत उनिमोग हे शेतीचं वाहन बनवताना तर चाकांमधलं अंतर १.२७ मीटर ठेवलं, बटाट्याच्या दोन ओळी बरोबर चाकांमध्ये याव्यात म्हणून. आपल्याकडे महिंद्राने १९४० च्या दशकात विलिस जीप जोडायला सुरुवात केली आणि १९६३ मध्ये ट्रॅक्टर. त्यांचा ट्रॅक्टरचा एक कारखाना आज नागपुरात हिंगण्यालाच आहे. म्हणजे जीप आणि ट्रॅक्टर एकाच घरचे, पण स्वभाव वेगळे.

ताकद इंजिनात, ओढ वजनात

सीजे-२ए सारख्या जुन्या विलिस जीपच्या २.२ लिटर पेट्रोल इंजिनाची ताकद ६० अश्वशक्ती लिहिलेली असते. ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन फाळांचा नांगर नेतो, मग ६० ची जीप का नेत नाही, असं माझ्या ओळखीच्या कितीतरी कास्तकारांनी विचारलं आहे. ६० हा आकडा इंजिनाच्या मिनिटाला ४००० फेऱ्यांवरचा आहे. वावरात इंजिन १५०० च्या आसपास फिरतं, तिथे हाती येते साधारण निम्मी ताकद. तरी खरी अडचण ताकदीची नाही, वजनाची आहे. जीप भरते हजार-अकराशे किलो. कोरड्या, घट्ट वावरात चारही चाकं चालू असताना कोणतंही वाहन आपल्या वजनाच्या साधारण ४० टक्के ओढ देतं. म्हणजे जीपची ओढ झाली ४०० ते ४५० किलो, आणि नुसती मागची चाकं चालू असतील तर त्याच्या निम्मी.

आता नांगराकडे बघा. भारी काळ्या मातीत फाळाच्या काटछेदाच्या दर चौरस सेंटिमीटरला ०.६ ते १ किलो ओढ लागते. २५ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल तास म्हणजे ५०० चौरस सेंटिमीटर. एका फाळालाच ३०० ते ५०० किलो लागले. जीपची सगळी ओढ तिथेच संपली, आणि मध्ये एखादं धसकट किंवा दगड आला की वरचा झटका गिअर आणि अ‍ॅक्सल सोसतात. याउलट बैलजोडी दिवसभर ८० ते १०० किलो ओढते आणि आपला वखर, तिफण, डवरा त्याच मापाचे घडवलेले आहेत. चार जोड्यांची ओढ जीप देते. एवढ्यात राहिलात तर जीप वर्षानुवर्षं टिकते.

कोणती गाडी घ्यावी

लो रेंज, म्हणजे वेग कमी करून ओढ वाढवणारा जादा गिअर, नसलेली गाडी वावराच्या कामाची नाही, मग ती कितीही देखणी असो. जुन्या सीजेमध्ये पहिल्या गिअरचं प्रमाण सुमारे २.८, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) लो २.४६ आणि डिफरेन्शियल (मागच्या अ‍ॅक्सलमधले गिअर) ५.३८. तिन्हींचा गुणाकार ३७ येतो. ६.००-१६ टायरवर इंजिन १५०० फेऱ्यांवर असताना वेग निघतो ताशी साधारण सव्वापाच किलोमीटर, १००० फेऱ्यांवर साडेतीन. वखराला, पंजीला हाच वेग हवा. हाय रेंजमध्ये तोच पहिला गिअर ताशी तेरा किलोमीटर पळवतो. त्या वेगात अवजार जमिनीवर उड्या मारतं आणि क्लचवर पाय ठेवून वेग मारावा लागतो. क्लच जळतो तो असा.

नंतरच्या डिझेल मॉडेलांपैकी काहींत डिफरेन्शियलचा आकडा कमी असतो, म्हणजे गाडी रस्त्यावर बरी आणि वावरात जास्त वेगवान. विकणाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, स्वतः मोजा. गाडी सपाट जागी लावा, बाकीच्या तिन्ही चाकांना पुढूनमागून दगड लावा, फोर-व्हील सोडा, गिअर न्यूट्रल करा आणि एकच मागचं चाक जॅकवर उचला. ते चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा लांब दांडा) किती फिरला ते खडूची खूण करून मोजा. पाचावर तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त आलं तर ५.३८. दगड लावल्याशिवाय हे करू नका. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. मोजताना तो सोडावाच लागतो, आणि ओढून ठेवला तरी एक मागचं चाक हवेत असताना तो गाडी धरत नाही.

पेट्रोल की डिझेल? वावरासाठी डिझेल. डिझेलच्या पंपात गव्हर्नर असतो, ओझं वाढलं की तो आपोआप इंधन वाढवतो आणि चाल एकसारखी राहते. पेट्रोल गाडीत ते काम तुमच्या पायाला करावं लागतं. जुन्या जीपला डॅशवर हँड थ्रॉटलची खुंटी असते, ती चालू असेल तर पेट्रोलवरही चांगलं काम होतं. पेट्रोल गाडी हळू कामात तासाला पाच लिटरच्या आसपास खाते, हा खर्च मात्र मनात ठेवा. निव्वळ वाहीसाठी पेट्रोल जीप विकत घेणं मला पटत नाही. घरी आधीच उभी असेल, बाग लहान असेल, भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर मिळत नसेल, तर ती पैसे वसूल करते.

जबलपूरला बनलेली जोंगा ही लष्करी गाडी जीपपेक्षा बरीच जड, म्हणून ओढ जास्त. पण जवळपास चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन वावरात परवडत नाही. डिझेल इंजिन टाकलेली जोंगा मिळाली आणि ते इंजिन आरसीवर चढलेलं असेल तर विचार करा. जिप्सी हलकी आहे आणि तिचं इंजिन वरच्या फेऱ्यांवर जोर देतं. ती ट्रॉली आणि टाकीपुरती ठीक.

घेताना चासी बघा. मागच्या स्प्रिंगच्या शॅकलजवळ आणि गिअरबॉक्सच्या आडव्या पट्टीजवळ तडा किंवा वेल्डिंगचे थर दिसले तर सोडून द्या. ओढ तिथूनच जाते. नंतर लोमध्ये टाकून चढावर चालवा. गिअर बाहेर उडत असेल तर ट्रान्सफर केसचं काम निघालं म्हणून समजा.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण चुकला तर महाग पडतो. ५० वर्षांहून जुन्या गाडीला २०२१ पासून 'व्हिंटेज' नोंदणी मिळते आणि तिच्या क्रमांकात व्हीए अक्षरं येतात. ऐकायला छान वाटतं, पण तशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर निघते. शेतीच्या कामाला लावायची असेल तर साधी नोंदणीच ठेवा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरा. इंजिन बदलणं, बॉडी कापणं असे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाहीत. म्हणून मागचा हुक बोल्टने बसवा, काढता येईल असा. ट्रॉली डांबरी रस्त्यावर न्यायची असेल तर तिची वेगळी नोंदणी लागते. लष्करी लिलावातली गाडी असेल तर लिलावाचे मूळ कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

वावरात उतरवण्याआधी

जीपचा रेडिएटर पळत्या गाडीच्या वाऱ्यावर थंड राहण्यासाठी बनला आहे. ताशी चार किलोमीटरला वारा नसतो, पंखा जेवढी हवा ओढेल तेवढीच. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि मृग बहाराच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याच्या) बागेचं पाणी तोडून ताण द्यायचा काळही तोच, म्हणजे वखरवाहीची घाई. आमची जीप पहिल्या उन्हाळ्यात सकाळी दहाला उकळली आणि हेड गॅस्केट गेलं. तेव्हापासून चार गोष्टी मी नेमाने करतो. रेडिएटर दर हंगामाआधी खोलून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घेतो. पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं शाबूत ठेवतो. बऱ्याच जुन्या गाड्यांचं हे कडं कोणीतरी काढून फेकलेलं असतं, आणि तसं असेल तर पंखा तीच गरम हवा पुन्हापुन्हा फिरवत बसतो. नुसत्या पाण्याऐवजी कूलंट निम्मं-निम्मं मिसळतो. आणि डॅशवर आकडे दाखवणारा तापमानाचा काटा लावला आहे, लाल-हिरवा नाही. ९५ ला काटा गेला की अवजार वर उचलायचं, गाडी सावलीत घ्यायची, पण इंजिन बंद करायचं नाही. हळू चालू ठेवायचं, म्हणजे पाणी फिरत राहतं. उन्हाळ्यात काम पहाटे साडेपाच ते नऊ. त्यानंतर गाडीही नाही आणि माणूसही नाही.

उष्णतेनंतर दुसरा शत्रू धूळ. वखरामागे उठणारी काळी धूळ इंजिनात गेली की रिंग आणि सिलिंडर एका हंगामात संपतात. जुन्या जीपला तेलाचा एअर क्लीनर असतो, खाली वाटी आणि त्यात तेल. वावरातल्या दिवसांत ही वाटी रोज खोला. तळाशी चिखल बसलेला दिसेल. तो काढा, वाटी पुसा, खुणेपर्यंतच नवीन इंजिन ऑइल भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते तेल ओढून घेतं. क्लीनरपासून कार्बोरेटरपर्यंतची रबरी नळी चिरलेली असेल तर बाकी सगळं व्यर्थ, म्हणून आधी ती बघा.

पेट्रोलवाल्यांसाठी एक इशारा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या फ्युएल पंपाचा पडदा आणि नळ्यांचं रबर ते फुगवतं. दोन्ही नवीन, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला. उन्हात नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, त्यासाठी नळी मॅनिफोल्डपासून लांबून फिरवा.

टायर ६.००-१६ मापाचेच, खोल गोट्यांचे, लष्करी ठेवणीचे घ्या. दुकानदार याच मापाचा ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायर स्वस्तात दाखवेल. माप जुळतं, पण त्यावर उभ्या धारा असतात, गोट्या नसतात. वळवायला तो चांगला, ओढायला शून्य, आणि रस्त्याच्या वेगासाठी बनलेलाही नाही. वावरात हवा १८ ते २० पौंड ठेवा, रस्त्यावर निघताना पुन्हा २६ ते २८.

ओढ वाढवायची म्हणून लोक मागे वाळूची पोती टाकतात. दोनशे किलोपर्यंत ठीक, त्याहून पुढे नको. चाक घसरणं हा जीपचा फ्यूज आहे. चाक घसरू दिलं नाही तर अ‍ॅक्सल तुटतो. जुन्या सीजेच्या मागच्या अ‍ॅक्सलचं टोक निमुळतं असतं आणि हब त्यावर एका चावीने बसलेला असतो. तो मोठा नट जरा जरी सैल असला तरी चावी कातरते आणि शाफ्टचं टोक खराब होतं. हंगामाआधी लांब पाइप लावून दोन्ही नट घट्ट करा आणि कॉटर पिन नवीन घाला.

हुक कुठे आणि किती उंच

सगळ्यात जास्त चुका मी इथे पाहिल्या आहेत. वेल्डिंगवाला हुक बसवतो बंपरला किंवा बॉडीच्या मागच्या पत्र्याला, कारण तिथे हात पुरतो. ओढ चासीच्या दोन्ही लांब दांड्यांना मिळाली पाहिजे. अर्धा इंच जाडीची पट्टी दोन्ही दांड्यांमध्ये आडवी, आत-बाहेर पट्टी दाबून, ८.८ ग्रेडच्या अर्ध्या इंची बोल्टने बसवा. चासीला वेल्डिंग करू नका. भाजलेल्या जागेच्या कडेलाच पुढे तडा जातो.

उंची जमिनीपासून ३५ ते ४० सेंटिमीटर, म्हणजे सव्वा फुटाच्या आसपास. हिशोब असा: जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.०३ मीटर अंतर आहे. ४० सेंटिमीटर उंचीवर ४०० किलोची ओढ लागली तर पुढच्या चाकांवरचं सुमारे ८० किलो वजन मागे जातं. तोच हुक ८० सेंटिमीटरवर लावला तर १६० किलो जातं. पुढची चाकं हलकी झाली की त्यांची ओढ गेली आणि स्टिअरिंगही गेलं. साखळी कधीही सीटच्या उंचीवर किंवा मागच्या फळीला बांधू नका. खुंट उपटताना असं केलं तर गाडी मागच्या चाकांवर उभी राहू शकते.

अवजार आणि हुक यांच्या मध्ये एक बळीचा बोल्ट ठेवा: ६ मिलिमीटरचा साधा, मऊ लोखंडाचा, एकाच ठिकाणी कातरेल असा. तो साधारण ५००-६०० किलोला तुटतो. दगडाला फाळ अडकला की बोल्ट जाईल, गिअर वाचेल. खिशात दहा बोल्ट ठेवा. जाड बोल्ट टाकायचा मोह होईल, टाकू नका.

कोणती अवजारं

सुरुवात स्वतःची चाकं असलेल्या, मागून ओढायच्या अवजारांनी करा. लिफ्ट नंतर. आमचा वखर पाच फुटांचा आहे, दोन लहान चाकांवर, हाताच्या दांड्याने वर-खाली होणारा. गावच्या लोहाराने जुन्या पासेवरच (वखराचं पातं) बनवला. ताशी चार किलोमीटरने, वळणं धरून, तासाला एक एकर होतं. संत्र्यात तो तीन-चार सेंटिमीटरच्या वर खोल जाऊ द्यायचा नाही. झाडाची खाणारी मुळं वरच्या एका फुटातच पसरलेली असतात. ती कापली की जखमेतून बुरशी शिरते आणि डिंक्या येतो. खोडाजवळ अवजार नेऊच नका. २० बाय २० फुटांच्या लागवडीत जीप जेमतेम पाच फूट रुंद, म्हणून मधल्या पट्ट्यात मोकळेपणाने फिरते. आळं आणि ठिबकच्या नळ्या सोडून चालवा. कामाआधी नळ्या झाडाकडे सरकवून घेणारा एक माणूस लागतोच.

पंजी पाच फणांची, त्याहून मोठी नको. सोयाबीन निघाल्यावर वाफशावर असलेल्या जमिनीत ती छान चालते. मे मधल्या भेगाळलेल्या जमिनीत दोन फण काढून तीनवर चालवा. ट्रॅक्टरची नऊ फणांची पंजी कापून लहान केलेली चालत नाही, तिची चौकटच जीपला जड होते. तिफण आणि फळी बैलांचीच वापरता येते, जू काढून दिंडाला लोखंडी दांडा लावून. पेरणीसाठी मात्र मी अजून बैलच लावतो. ओल्या वाफशात जीपची चाकं जी पट्टी दाबतात तिथे उगवण विरळ होते, आणि मृगातली घाई पाहता ते परवडत नाही.

फवारणीत जीपचा खरा फायदा दिसतो. मागे २०० लिटरची टाकी, एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप आणि त्याला स्वतःचं लहान इंजिन. पंप पीटीओवर चालवावा असं अनेकांना वाटतं. जुन्या ट्रान्सफर केसच्या मागे गोल झाकण असतं, तिथे पीटीओ बसतो हे खरं. पण ट्रॅक्टरच्या पीटीओचा वेग ५४० ठरलेला असतो, जीपचा इंजिन आणि गिअर बदलेल तसा बदलतो. ५४० वर चालणारी अवजारं जोडायची असतील तर टॅकोमीटर लावा आणि त्या फेऱ्यांवर थ्रॉटलची खूण करून ठेवा. उघड्या शाफ्टवर पूर्ण लांबीचं कव्हर नसेल तर तो शाफ्ट चालू करू नका. शेला, दुपट्टा, लुगड्याचा पदर एका क्षणात गुंडाळला जातो आणि हात सोडवायलाही वेळ मिळत नाही.

रोटाव्हेटर लावू नका. त्याला नुसती ताकद पुरत नाही, सावकाश, सलग वेग आणि तीन-पॉइंट लिफ्टवर वजन पेलणारा मागचा भाग लागतो, आणि ते जीपकडे नाही.

चालवणं

जमीन वाफशावर आली की नाही ते आधी बघा. चार इंच खालची माती मुठीत दाबा, मग दोन फूट उंचीवरून टाका. फुटली तर चला. चापट होऊन पडली तर थांबा. ओल्या काळ्या मातीत गोट्यांमध्ये चिखल भरतो, टायर गुळगुळीत होतो आणि जीप बंपरपर्यंत बसते. ती बाहेर काढायला मग ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.

जुन्या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा अ‍ॅक्सल जोडल्याशिवाय लो लागतच नाही. वावराच्या कडेला थांबूनच फोर-व्हील लो टाका, पहिला गिअर घ्या, अवजार वर असतानाच चालू लागा आणि मग हळूहळू ते जमिनीत उतरवा. उभ्या गाडीत अवजार खोल टाकून क्लच सोडला तर क्लच प्लेट जाते. एकदा चालू लागल्यावर क्लचवरून पाय पूर्ण काढा, पायपट्टीवर टेकवूनसुद्धा ठेवू नका. वेग कमी हवा तर थ्रॉटल कमी करा. चाकं घसरायला लागली तर खोली कमी करा, रेस वाढवू नका.

जीपला वळायला जवळपास ३५ फूट व्यासाचा गोल लागतो, म्हणून धुऱ्याकडे किमान २५ फूट मोकळी जागा ठेवा आणि एक ओळ सोडून पुढच्या ओळीत शिरा. अवजार जमिनीत असताना तीव्र वळण घेऊ नका. फोर-व्हीलमध्ये पुढची-मागची चाकं एकाच वेगाने बांधलेली असतात. मऊ मातीत ती थोडी घसरून मोकळी होतात, पण पांदणीच्या कडक मुरमावर तो ताण थेट गिअरवर येतो. म्हणून वावराबाहेर पडताच टू-व्हील हाय. धुऱ्यावर आडवं चढू नका, सरळ चढा, सरळ उतरा. वखरावर वजन म्हणून पोरांना बसवायची पद्धत बैलांबरोबर चालायची, जीपमागे अजिबात नको. वजन हवं असेल तर दगड बांधा.

तेल, ग्रीस, तपासणी

वावरातला एक तास म्हणजे रस्त्यावरचे ५० किलोमीटर असं धरा आणि एका वहीत तास लिहा. किलोमीटरचा काटा इथे खोटं बोलतो, तो दिवसाला वीस दाखवेल. इंजिन ऑइल १०० तासांना, धुळीच्या महिन्यांत ७५ लाच. स्प्रिंग शॅकल, प्रोपेलरचे क्रॉस आणि स्टिअरिंगचे सांधे यांना दर दहा तासांनी ग्रीस.

गिअरबॉक्सला ९० नंबरचं तेल, पण डब्यावर जीएल-४ लिहिलेलं बघून घ्या. जीएल-५ डिफरेन्शियलला चालतं, गिअरबॉक्सच्या पितळी कड्यांना ते खातं. या गाड्यांची आणखी एक खोड: गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या मधलं सील गेलं की एकातलं तेल दुसऱ्यात जातं. बाहेर थेंबही दिसत नाही आणि एक कोरडं पडतं. म्हणून दोन्हींची पातळी दर आठवड्याला वेगवेगळी बघा, एकात वाढलं म्हणजे दुसऱ्यात घटलं.

रेडिएटरच्या जाळीत सोयाबीनचा भुसा आणि गवताचं बी अडकतं. संध्याकाळी पंख्याच्या बाजूने पुढे असा पाण्याचा फवारा मारा. पुढून मारला तर कचरा आणखी आत बसतो. पुढे मच्छरदाणीच्या बारीक जाळीचा तुकडा बांधला तर निम्मं काम वाचतं, फक्त तो दर तासाला झटका.

पोळ्यानंतर गाडीला महिनाभर काम नसतं. तेव्हा पेट्रोलची टाकी पूर्ण भरून ठेवा, म्हणजे आत ओल धरून गंज येत नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, क्लचची पायपट्टी दाबून लाकडाची खुंटी अडकवा, नाहीतर दमट हवेत प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. अवजारांच्या पासेला आणि फाळांना जुनं इंजिन ऑइल फासून ती विटांवर उचलून ठेवा. आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याच्या संत्र्यांची) तोडणी सुरू झाली की हीच जीप ट्रॉलीला जुंपून वावरातून क्रेट धुऱ्यापर्यंत आणेल. त्याच्या आदल्या दिवशी ब्रेक ऑइल आणि मागच्या हबचे नट एकदा पुन्हा बघून घ्या. भरलेली ट्रॉली उतारावर मागून ढकलते, तेव्हा लो रेंजचा पहिला गिअर आणि हे ब्रेक, या दोनच गोष्टी तुमच्या हातात असतात.